मे महिन्यात नागपूरहून मोटारसायकलने निघताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे उंच विंडस्क्रीन असलेली ६५० सीसीची टूरिंग मोटारसायकल आहे आणि मागे पत्नी बसते. गेल्या मे महिन्यात आपण सकाळी नऊच्या सुमारास नागपूरहून पचमढीकडे निघालात, सावनेर ओलांडल्यावर उकाडा असह्य झाला म्हणून जाळीचे जॅकेट काढून अर्ध्या बाह्यांच्या शर्टवर गाडी चालवली, सौसरच्या पुढे डोके दुखू लागले आणि छिंदवाड्यात उलट्या होऊन प्रवास तिथेच थांबला. यंदा पुन्हा जायचे आहे. त्यासाठी आणखी मोठ्या जाळीचे जॅकेट घ्यावे का, विंडस्क्रीन काढून ठेवावी का आणि वाटेत काय व किती प्यावे, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यामागचे कारण एकदा नीट समजले की पुढचे बहुतेक निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील, म्हणून आधी कारणाकडे वळतो.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तेव्हा अंगावर येणारा वारा शरीरातील उष्णता घेऊन जातो, आणि वारा जितका जोरात तितका आराम अधिक, हा आपला बाराही महिन्यांचा अनुभव असतो. परंतु हवा ४३ अंशांवर गेली की हेच गणित उलटते. मग वारा उष्णता नेत नाही, आणून ओततो, आणि ताशी ८० किलोमीटरने अंगावर येणारा वारा ती फार वेगाने ओततो. शेगडीवर पंखा धरून समोर बसण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यात हवामान खात्याचा आकडा हा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात नोंदले गेलेले ४७.९ अंश हेही सावलीतलेच होते. मोटारसायकलस्वाराला त्यावर थेट ऊन, तापलेल्या डांबराची धग आणि मांड्यांमधल्या इंजिनाची ऊब सोसावी लागते.

अशा हवेत शरीराजवळ उष्णता घालवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते हे लक्षात घेतले, तर एका लिटरमध्ये केवढे सामर्थ्य आहे याची कल्पना येईल. विदर्भाच्या उन्हाळ्याची एक मोठी सोय म्हणजे इथली हवा कोरडी असते. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले कापड गुंडाळलेली तापमापी २४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे कोरड्या आणि ओल्या पृष्ठभागात वीस अंशांहून अधिक फरक पडतो. नागपूरकराला हे वेगळे सांगायला नको, कारण मार्च संपता संपता घरोघरी कूलरचे गवत बदलले जाते ते याच फरकाच्या भरवशावर, आणि त्याआधीच्या पिढ्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडत बसत तेही यासाठीच.

आता आपल्या गेल्या वर्षीच्या प्रवासाकडे या दृष्टीने पाहा. जॅकेट काढल्यावर आपण कूलर चालू केलात खरा, पण टाकीत पाणी होते ते फक्त आपल्या शरीरातले. उघड्या हातांवरचा घाम दिसण्याआधीच उडून जात होता, म्हणून आपल्याला घाम येत नाही असे वाटले असेल, आणि घाम येत नाही म्हणून तहानही मनावर घेतली नसेल. ही फसगत मी स्वतः अनुभवली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी जबलपूरच्या रस्त्याने अशाच अर्ध्या बाह्यांवर जाताना खवासा ओलांडल्यानंतरचा तासभर मला फार छान वाटत होते, अंग कोरडे होते आणि आपण उन्हाला सरावलो आहोत असा अभिमानही होता. पुढे एका पेट्रोल पंपावर पैसे देऊन झाल्यावर मी दोनच मिनिटांत पुन्हा पाकीट काढून पैसे देऊ लागलो. पंपावरच्या मुलाने ते परत केले आणि मला आत सावलीत बसवले. त्या मुलाचे शहाणपण त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त होते.

म्हणून माझा सगळा सल्ला एका कल्पनेवर उभा आहे: बाष्पीभवनाचे काम शक्य तेवढे बाटलीतल्या पाण्याकडून करून घ्यावे आणि शरीरातले पाणी राखून ठेवावे.

प्रत्यक्षात हे असे करावे. आत सुती, पूर्ण बाह्यांचा, अंगाला लागून बसणारा टी-शर्ट घालावा. व्यायामासाठी मिळणारे, घाम पटकन वाळवणारे कृत्रिम धाग्याचे कपडे ३५ अंशांपर्यंत उत्तम असतात, पण आपल्याला इथे पटकन वाळणे नको, पाणी धरून ठेवणे हवे आहे, आणि त्यात सुताची बरोबरी दुसरे कापड क्वचितच करते. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर हा टी-शर्ट पूर्ण भिजवावा, पाणी टपकणार नाही इतपत पिळावा आणि त्यावर जॅकेट चढवावे. पिळल्यानंतरही त्यात पाव लिटरच्या आसपास पाणी राहते. हे पाणी पाऊण तासात उडाले, तर तेवढ्या काळात सरासरी दोनशेहून अधिक वॅट उष्णता खर्ची पडते. त्यातला काही भाग येणाऱ्या वाऱ्यातूनच शोषला जातो हे मान्य केले, तरी शरीराला पुरेसा दिलासा मिळतो.

खरी मेख त्या पाऊण तासात आहे, आणि इथेच मोठ्या जाळीचे जॅकेट मार खाते. जाळीतून वारा इतका मोकळा आत शिरतो की महामार्गाच्या वेगाला तोच ओला टी-शर्ट माझ्या अनुभवाप्रमाणे पंधरा-वीस मिनिटांत खडखडीत वाळतो, आणि त्यानंतर आपण पुन्हा शेगडीसमोर. याउलट जाड कापडाचे, चेन उघडून हवा घेता येईल असे टूरिंग जॅकेट असेल, तर छातीवरच्या झडपा बहुतांशी बंद ठेवाव्यात, मनगटाची टोके किंचित सैल करावीत आणि पाठीवरची बाहेर जाणारी झडप पूर्ण उघडावी. बाह्यांतून शिरलेला थोडा वारा ओल्या कापडावरून फिरून पाठीमागून निघून जातो आणि ओलावा तासभरापर्यंत टिकतो. चाळीस अंशांच्या पुढे झडपा बंद करायला सांगितले की नवे स्वार माझ्याकडे संशयाने पाहतात, पण एकदा करून पाहिल्यावर परत कोणी विचारत नाही. आपल्याकडे जाळीचेच जॅकेट असल्यामुळे नवीन घेण्याची गरज नाही. त्यावर एक पातळ, फिक्या रंगाचा विंडचीटर घाला आणि त्याची गळ्याजवळची चेन चार बोटे उघडी ठेवा. जॅकेटसोबत मिळालेले पावसाचे अस्तर मात्र आतून लावू नका, कारण ते बाष्प बाहेर जाऊ देत नाही आणि अंगाची वाफारणी होते. बाजारात पाणी धरून ठेवणारी खास जाकिटेही मिळतात. ती याच तत्त्वावर चालतात आणि चांगली असतात, पण पहिल्या प्रवासाला ओला टी-शर्ट पुरे.

जॅकेटमधील कोपर, खांदे आणि पाठीचे संरक्षक तुकडे उकाड्यापायी काढू नयेत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

मानेला सुती दुपट्टा हवाच. मानेच्या दोन्ही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळून जातात, शिवाय हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधली ही पट्टी उन्हात उघडी पडते. नागपुरात उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस हेल्मेट घातल्यावर तो का विसरतो, हे मला कळलेले नाही. दुपट्टा ओला करून गळ्याभोवती सैल गुंडाळावा आणि त्याची टोके जॅकेटच्या आत खोचावीत. मोकळी टोके मागच्या चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघात सर्वांना ठाऊक आहेत, आणि पत्नीच्या ओढणीच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे, शक्यतो पांढरे असावे. चाळीसच्या पुढे त्याची काच बंद ठेवावी, कारण उघड्या काचेतून येणारी झळ डोळे आणि ओठ काही मिनिटांत सुकवते. हातमोज्यांचाही कंटाळा करू नये. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीच्या क्लचच्या दांडीला हात लावून पाहिलेल्या माणसाला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

विंडस्क्रीनबद्दल. तीस-पस्तीस अंशांत उंच विंडस्क्रीन त्रासदायक असते हे खरे, तिच्यामागे हवा साचते आणि गुदमरल्यासारखे होते. पण ४३ अंशांत तीच आपली ढाल आहे, कारण तापलेल्या वाऱ्याचा मुख्य लोट ती अंगावर येऊ देत नाही आणि ओलावा टिकायला मदत करते. तेव्हा ती काढू नका. मात्र मागे बसणाऱ्याला तिचा लाभ तेवढा मिळत नाही, उलट तिच्यावरून उसळलेला वारा थेट मागच्या माणसाच्या हेल्मेटवर आणि खांद्यांवर आदळतो. शिवाय गाडी चालवणाऱ्याचे मन रस्त्यात गुंतलेले असते, तर मागच्याला केवळ सोसत बसणे एवढेच काम असते. माझ्या पाहण्यात जोडीने निघालेल्यांपैकी आधी त्रास होतो तो बहुधा मागे बसलेल्याला, आणि बोलायला उशीर होतो तोही त्यालाच. त्यामुळे थांबा कधी घ्यायचा हे पत्नीने ठरवावे आणि आपण ते मुकाट्याने ऐकावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आता पाण्याबद्दल. तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार मोठे घोट, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर, एवढे पुरते. याहून फार जास्त, विशेषतः तासाला दीड लिटरच्या वर, नुसते साधे पाणी ढोसत गेल्यास रक्तातील सोडियम कमी होऊन डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळलेपण येऊ शकते. ही लक्षणे ऊन लागल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात आणि माणूस आणखी पाणी पितो, हा त्यातला खरा धोका आहे. म्हणून दोन बाटल्या पाण्यामागे एक बाटली जलसंजीवनीची (ओआरएसची) ठेवावी. औषधांच्या दुकानात मिळणारे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे २०.५ ग्रॅमचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. ते अर्ध्या लिटरमध्ये घोळून ‘अधिक गुणकारी’ करण्याचा मोह आवरावा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. आपल्याला रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा लघवी वाढवणारी किंवा ॲलर्जीची औषधे चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण मिठाचे प्रमाण आणि घाम येणे या दोन्हींशी या औषधांचा संबंध असतो.

नळी असलेली पाण्याची पिशवी फार सोयीची आहे, कारण तोंडाशी नळी असली की माणूस आपोआप पीत राहतो. पण ती पाठीवर अडकवली तर जॅकेटची मागची झडप झाकली जाते आणि वर सांगितलेली सगळी योजना बंद पडते, म्हणून ती टँक बॅगमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या पिशवीत ठेवावी आणि रात्री अर्धी भरून गोठवून घ्यावी. खाण्यापिण्यात ताक, कैरीचे पन्हे आणि लिंबू सरबत उत्तम. रसवंतीवर जरूर थांबावे, पण उसाचा रस हे पाण्याला पर्यायी पेय नाही, आणि त्यातला बर्फ कुठून आला हे रसवंतीवाल्यालाही नेहमी ठाऊक असतेच असे नाही. सावजी जेवण परत आल्यावर. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीला शरीरशास्त्रात आधार नाही, पण तो कांदा भाकरीसोबत खाल्ला तर कोणाचे काही बिघडत नाही.

गाडीची काळजी त्या मानाने सोपी आहे. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना पाहावी, रेडिएटरच्या पट्ट्यांत अडकलेला चिखल आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेने काढावेत, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. टायरमधील हवा पहाटे, थंड टायरवर, कंपनीने दिलेल्या आकड्याएवढी भरावी. दुपारी ती वाढलेली दिसली तरी काढू नये, कारण हवा तापली की दाब वाढणार हे धरूनच तो आकडा दिलेला असतो. पेट्रोलची टाकी मात्र काठोकाठ भरू नका. दहा अंश तापमान वाढले की पेट्रोल सुमारे एक टक्का फुगते, आणि भूमिगत टाकीतले गार पेट्रोल काठापर्यंत भरून गाडी उन्हात उभी केली की ते बाहेर वाट शोधते. हँडलवर लावलेला मोबाइल उन्हात तापून बंद पडतो, तेव्हा वाट डोक्यात असू द्यावी.

या सगळ्या सामानाहून घड्याळाची मदत अधिक होते, आणि आपली गेल्या वर्षीची मुख्य चूक सकाळी नऊ ही होती. दिवसाचे किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते आणि कमाल दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. मे महिन्यात नागपुरात साडेपाचनंतर लगेच सूर्य उगवतो. पहाटे साडेचारला निघालात तर सहाच्या सुमारास सौसर आणि सव्वासातपर्यंत सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा गाठता येईल. तिथे निवांत नाश्ता करून परासिया, तामिया, मटकुली या वाटेने साडेदहा-अकराला आपण पचमढीत असाल. छिंदवाडा आपल्या नागपूरपेक्षा साडेतीनशे मीटरहून अधिक उंच आहे आणि पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, त्यामुळे ऊन चढत जाते तसे आपणही चढत जाता आणि तापमानाला जवळजवळ चकवता. चिखलदऱ्याचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवा की समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, कोंढाळी आणि तळेगावमार्गे अमरावतीच्या जुन्या रस्त्यानेच जावे लागते, आणि तिथे उंची शेवटच्या परतवाडा–चिखलदरा टप्प्यातच मिळते. म्हणून त्या प्रवासाला आणखी लवकर निघावे.

निघण्याच्या आधीचे दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी तासभर गाडी चालवावी किंवा चालायला जावे. उष्णतेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसून थेट शनिवारी महामार्गावर उतरणाऱ्या माणसाला हा सराव नसतो.

तरीही बिघडलेच, तर ओळखायचे कसे? गियर चुकणे, इंडिकेटर चालूच राहणे, समोरच्या ट्रकचे अंतर चुकणे, एकाच गोष्टीवर चिडचिड होणे ही पहिली लक्षणे आहेत, आणि उन्हात अंगावर काटा येणे किंवा थंडी वाजल्यासारखे वाटणे ही त्यापुढची. असे काही जाणवले की पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये, पहिल्या झाडाखाली थांबावे, हेल्मेट, जॅकेट आणि बूट काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि जलसंजीवनी घोट घोट प्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, भान हरपले किंवा झटके आले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी घाम येत असला तरी उष्माघात नाही असे मानू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत अंग भिजवणे आणि वारा घालणे थांबवू नये. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

हा सल्ला कोरड्या उन्हाळ्यापुरता आहे. जूनअखेरीस पाऊस सुरू झाला की ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रतेत ओल्या कापडाची तापमापी ३० च्या खाली जात नाही. घरातला कूलर जसा तेव्हा नुसती दमट हवा फेकतो, तसाच ओला टी-शर्टही निरुपयोगी ठरतो. त्या दिवसांत मात्र आपले जाळीचे जॅकेट एकटे घालावे, झडपा उघडाव्यात आणि वाऱ्याला आत येऊ द्यावे.

परतीच्या प्रवासात उंचीचा फायदा उलटा होतो. पचमढीच्या गारव्यात न्याहारी उरकून दहाला निघालेला माणूस भर दुपारी सिल्लेवानी उतरून सौसरच्या सपाटीवर येतो, आणि तिथले ४४ अंश त्याला जाताना लागलेच नव्हते म्हणून अधिक जाणवतात. अंधारात सातपुड्याच्या जंगलातून गाडी चालवणेही योग्य नाही, कारण रस्त्यावर जनावरे असतात. त्यामुळे उजाडताच निघावे आणि साडेअकरापर्यंत सावनेर ओलांडावे. वाटेत उशीर झालाच, तर छिंदवाड्यात चार-पाच तास एखादी खोली घेऊन पडून राहावे, संध्याकाळी पाचनंतर टी-शर्ट पुन्हा भिजवावा आणि मग घाट उतरायला घ्यावा.